संसर्गाच्या अवस्था आणि त्यांचा बंदोबस्त : प्रस्तावना

१९९४ सालच्या ऑगस्ट महिन्यात बीड तालुक्यातील मामला या लहानशा गावात मेलेले उंदीर सापडू लागले, पिसवांच्या उपद्रवाच्या तक्रारी होऊ लागल्या, आणि त्यापाठोपाठ काखेत व जांघेत गाठी येऊन तापाने फणफणलेली माणसे दवाखान्याची वाट धरू लागली, तेव्हा ज्या रोगाचे नाव १९६६ नंतर आपल्या आरोग्यखात्याच्या दप्तरातून जवळजवळ पुसले गेले होते तो प्लेग मराठवाड्यात पुन्हा उभा राहिल्याची वार्ता जगभर गेली. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाने हा सारा मुलूख हादरला होता. भयाने लोक घरे सोडून तात्पुरत्या निवाऱ्यांत राहायला गेले, मागे राहिलेल्या धान्यावर उंदीर पोसले गेले, आणि माणसे परतली तेव्हा उंदीर, पिसू आणि माणूस एकाच छपराखाली आले, अशी या घटनेची उपपत्ती जाणकारांनी लावली. भूकंपाचा आणि प्लेगचा काही संबंध असेल हे वरकरणी कोणाच्या ध्यानात येणार नाही. परंतु संसर्गाला रोगजंतू लागतो, त्या जंतूला वसतिस्थान लागते, तेथून बाहेर पडायला वाट, प्रवासाला वाहन, नव्या देहात शिरायला दार आणि शेवटी त्याला थारा देणारा दुर्बल देह लागतो, हा सहा दुव्यांचा हिशेब ज्याने एकदा मन लावून मांडला असेल, त्याला मामल्याची हकिकत पाठ्यपुस्तकातील आकृतीइतकी स्पष्ट दिसेल.

मामल्याचा प्लेग गाठीचा होता. तो पिसवांच्या दंशाने पसरे आणि वेळेवर औषध मिळाल्यास आटोक्यात येई. पुढच्याच महिन्यात सुरतेत उद्भवला तो फुप्फुसाचा. पन्नासांहून अधिक माणसे त्यात दगावली आणि भयभीत झालेल्या लाखो लोकांनी मिळेल त्या गाडीने शहर सोडले. या रोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा काळ अवघा एक ते चार दिवसांचा असतो. म्हणजे स्थानकावर धडधाकट दिसणारा माणूस गावी पोहोचून आजारी पडणे सर्वथा शक्य होते, आणि त्याला पहिल्यांदा तपासणाऱ्या दवाखान्यातील परिचारिकेला तो कोणता रोग घेऊन आला आहे हे कळण्याचे काही साधन नव्हते. संसर्ग डोळ्यांना दिसण्याच्या आधी वावरत असतो, आणि म्हणून त्याचा बंदोबस्त निदानाची वाट पाहत थांबू शकत नाही, या एका विचाराभोवती प्रस्तुत पुस्तकाची सारी रचना झालेली आहे. संसर्गाच्या अवस्था हा एक धडा आणि संसर्गनियंत्रण हा दुसरा धडा, अशी जी फारकत परीक्षेच्या सोयीसाठी केली जाते, ती आम्हांस मान्य नाही.

हे पुस्तक जेथे लिहिले गेले ते आष्टी तालुक्यातील कडा हे नगर-बीड रस्त्यावरचे, आठवडे बाजाराचे गाव. २०२२ च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत सुरू झालेली रेल्वेही कड्यावरूनच जाते. परंतु या भागाच्या आरोग्याचा विचार रेल्वेपेक्षा उसाच्या हंगामाला धरून करावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, कोयता, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन ट्रक-ट्रॅक्टरांतून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे रवाना होतात, फडाशेजारी पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोप्यांत पाच-सहा महिने काढतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ज्या मुलाचा लसीचा दुसरा डोस या मुक्कामात चुकतो, ज्या बाईच्या जखमेवर कोपीतच चिंधी बांधली जाते, ज्या क्षयरुग्णाची गोळी फडावर बंद पडते, ती सारी माणसे अखेर याच तालुक्याच्या दवाखान्यांत येतात. त्यांना हाताळणाऱ्या मुली, म्हणजे या पुस्तकाच्या वाचक, पुष्कळदा त्याच घरांतून आलेल्या असतात. हे ध्यानात ठेवूनच पुस्तकातील उदाहरणे निवडली आहेत.

आता अवस्थांविषयी. पहिली अधिशयनाची, जिच्यात जंतू शरीरात शिरून वाढत असतो आणि माणूस मात्र स्वस्थ दिसतो, दुसरी पूर्वलक्षणांची, जिच्यात अंग मोडून येते, नाक वाहते, अन्नावरची वासना जाते, आणि रोग ओळखू येत नाही, तिसरी प्रत्यक्ष रोगाची, चौथी उताराची, आणि पाचवी पुनःस्वास्थ्याची. कॉलऱ्याची अधिशयनावस्था काही तासांत संपते किंवा पाच दिवसांपर्यंत लांबते. कांजिण्यांना दहा ते एकवीस दिवस लागतात. कावीळ-ब चा विषाणू एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत गुप्त राहतो. कुत्रे चावल्यानंतर रेबीजची लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी उमटतात, आणि म्हणूनच चावल्यानंतर दिलेली लसही माणसाचा जीव वाचवू शकते. हे आकडे विद्यार्थिनी घोकतात. त्यांच्याजवळच जो दुसरा आकडा लिहिलेला असावा, रोगी दुसऱ्याला रोग देण्यास कधी समर्थ होतो आणि कधीपर्यंत राहतो याचा, तो मात्र बहुतेक वह्यांत सापडत नाही.

गोवराचे उदाहरण घ्यावे. लक्षण दिसण्यास दहा ते चौदा दिवस; प्रथम ताप, खोकला, लाल डोळे; मग गालांच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके; आणि त्यानंतर कानामागून सुरू होऊन अंगभर उतरणारा पुरळ. परंतु पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून ते मूल आसपासच्या लेकरांना गोवर देत असते. आपल्याकडे गोवर निघाला म्हणजे दारावर कडुनिंबाचा टहाळा बांधण्याची आणि बाहेरच्याने आत न जाण्याची चाल होती. त्या टहाळ्याने रोग बरा होत नसे, तथापि घरोघर पाळला जाणारा तो एक प्रकारचा विलगवास होता हे नाकारण्याचे कारण नाही. खरी उणीव अशी की, टहाळा बांधला जाईपर्यंत मूल चार दिवस गल्लीत खेळून आलेले असे. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ उसळली तेव्हा विलगीकरणाच्या खाटा लागल्याच. परंतु साथ मोडण्याचा भरवसा घरोघर फिरून राहिलेल्या मुलांना टोचलेल्या लसीवरच ठेवावा लागला, याचेही कारण तेच.

शेवटच्या अवस्थेकडे तर कोणाचेच लक्ष नसते. विषमज्वरातून उठलेला माणूस जेवू-खाऊ लागला, हिंडू-फिरू लागला, की सर्वांच्या लेखी प्रकरण मिटते. वस्तुतः काहींच्या पित्ताशयात तो जंतू मुक्काम करून राहतो आणि मलावाटे महिनोन् महिने, क्वचित वर्षानुवर्षे, बाहेर पडत राहतो. असा मनुष्य बाजारच्या दिवशी भज्यांच्या गाड्यावर पीठ कालवीत असेल, तर त्याच्या तब्येतीकडे पाहून कोणाला शंका येणार?

रोगाला क्रम असतो आणि अलीकडच्या टप्प्यावर गाठल्यास तो सुसाध्य असतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सुश्रुताने संचयापासून भेदापर्यंत सहा क्रियाकाल सांगितले आणि सहवासाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या औपसर्गिक रोगांचीही नोंद केली. परंतु ते विवेचन दोषांचे आहे. त्यात जंतुशास्त्र शोधण्याचा जो उत्साह हल्ली दिसतो तो सुश्रुताचाही गौरव करीत नाही आणि जंतुशास्त्राचाही.

युरोपात दीर्घकाळ दोन पक्ष होते. एकाच्या मते रोग दूषित हवेतून, कुजक्या वाफांतून उत्पन्न होई. दुसऱ्याच्या मते स्पर्शाने. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरासमोर एक चमत्कारिक वस्तुस्थिती होती : डॉक्टर व विद्यार्थी ज्या विभागात काम करीत तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी पुष्कळ मरत, आणि सुईणींच्या विभागात पुष्कळ कमी. हवा दोन्हीकडे एकच. शवविच्छेदन करताना सुरी लागलेला त्याचा एक सहकारी तशाच तापाने मेला, तेव्हा त्याला उलगडा झाला की डॉक्टर मंडळी शवागारातून थेट प्रसूतिकक्षात येत आणि मृत्यू आपल्या हातांवर घेऊन येत. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शेकडा अठराच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण काही महिन्यांत शेकडा दोनच्या आसपास आले. मानी डॉक्टरांना आपलेच हात दोषी ठरणे रुचले नाही. सेमेलवाइस १८६५ मध्ये मनोरुग्णालयात मरण पावला. हा वृत्तांत नर्सिंगच्या वर्गात सांगताना सुईणींचा विभाग अधिक सुरक्षित होता ही गोष्ट बहुधा गाळली जाते. ती गाळू नये असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल मनाने दूषित हवेच्याच पक्षाच्या होत्या आणि जंतूंचा सिद्धांत त्यांनी दीर्घकाळ मनापासून स्वीकारला नाही. तरीही स्वच्छ हवा, उजेड, खाटांमधले अंतर, गटारांची व्यवस्था आणि मृत्यूंची काटेकोर आकडेवारी यांचा त्यांनी धरलेला हट्ट फळला. आणि क्षयाच्या वॉर्डात वा करोनाच्या काळात खिडक्या उघडा म्हणून सांगताना आपण, निराळ्या कारणाने, त्यांच्याच वाटेवर येऊन पोहोचलो. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टरने कार्बॉलिक आम्लाने जखमेतील जंतू मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतरच्या पिढीने जंतू जखमेपर्यंत पोहोचूच न देण्याचा, म्हणजे वाफेने उपकरणे निर्जंतुक करण्याचा, मार्ग काढला. जंतुनाशन आणि निर्जंतुकता यांतला हा भेद परीक्षेत दोन गुणांचा असला तरी वॉर्डात माणसाच्या जिवाचा असतो. शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे या दुसऱ्या परंपरेतले. पण त्यांचा जन्म निराळाच आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघत, म्हणून विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने १८८९-९० च्या सुमारास तिच्यासाठी पातळ रबराचे मोजे करवून घेतले. रुग्णाला त्यांचा लाभ होतो हे मागाहून उमगले.

महाराष्ट्रात या विद्येचा प्रवेश झाला तो १८९६ च्या मुंबईतील प्लेगबरोबर. मांडवीच्या वस्तीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा आला. पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, माणसे छावण्यांत नेली, सामान जाळले, आणि त्याचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावरील प्राणघातक हल्ल्यात झाले. विलगीकरणाचे तत्त्व त्या वेळीही अचूक होते. ज्या हाताने ते अमलात आणले त्या हातावर लोकांचा विश्वास नव्हता, आणि साथीचा बंदोबस्त शिकणाऱ्या प्रत्येकाने पुण्याची ही कहाणी कार्बॉलिक आम्लाइतक्याच गांभीर्याने वाचावी. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्च १८९७ रोजी स्वतः प्लेगला बळी पडल्या. शुश्रूषा करणाराच ग्रहणशील देह असतो, याचे आपल्या इतिहासातले सर्वांत ठळक उदाहरण हेच.

हाफकिन यांच्या लसीच्या इतिहासातील एक प्रसंग मात्र थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी, त्यांच्या मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या लसीच्या एका बाटलीतून ज्यांना टोचले गेले त्यांपैकी एकोणीस जण पुढे धनुर्वाताने मेले. दोष परळच्या माथी मारण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. दप्तर नीट तपासले गेले तेव्हा निराळीच गोष्ट वर आली : बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि त्याने तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बॉलिकच्या पाण्यात बुचकळून पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि असल्या बुचकळण्याला ते दाद देत नाहीत. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. चिमटा जमिनीवर पडला त्या घटकेला तेथील कोणालाही काहीच अघटित दिसले नव्हते, कारण धनुर्वाताला लक्षण दाखवायला साधारणतः तीन ते एकवीस दिवस लागतात. वॉर्डात आजही चिमटा पडतो, आणि ट्रॉलीजवळ उभी असलेली पहिल्या वर्षाची मुलगी, सिस्टर पाहत नाहीत असे वाटून, तो उचलून पुन्हा ट्रेमध्ये ठेवू पाहते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विचाराने आणखी एक वळण घेतले. तोपर्यंत रोगाचे नाव कळले की त्या नावाप्रमाणे पाटी लावून रुग्णाला वेगळे ठेवण्याचा शिरस्ता होता. एड्सने हा शिरस्ता मोडला. कारण एचआयव्हीची बाधा झालेला माणूस वर्षानुवर्षे निरोगी दिसतो आणि त्याच्या रक्ताला पाटी लावता येत नाही. १९८५ पासून अमेरिकेत सर्वांचेच रक्त संसर्गजन्य समजण्याची सार्वत्रिक दक्षता आली. १९९६ मध्ये तिचे रूपांतर आजच्या प्रमाणित दक्षतेत झाले, आणि स्पर्श, थेंब व हवा यांतून पसरणाऱ्या रोगांसाठी तिच्यावर जादा निर्बंधांची भर पडली. अधिशयनावस्थेचे ज्ञान आणि नियंत्रणाचा नियम येथे प्रथमच पूर्णपणे एकत्र आले. या पद्धतीचा एक नैतिक लाभही आहे, ज्याची चर्चा कमी होते : सर्वांशी सारखीच दक्षता बाळगली की कोणाही एकाला वेगळे पाडावे लागत नाही. ज्या समाजाने कुष्ठरोग्याला गावकुसाबाहेर ठेवले, आणि रोग नसतानाही माणसांना पिढ्यान् पिढ्या अस्पृश्य ठरवले, त्या समाजात हातमोजा घालणे आणि विटाळ मानणे यांतील अंतर विद्यार्थिनीच्या मनात स्वच्छ असलेच पाहिजे.

या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. आष्टीला लागून असलेल्या जामखेडात १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आपला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला, आणि गावोगावच्या अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर आणि दलित स्त्रियांना आरोग्याच्या कामात तरबेज केले. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नाळ कापायला नवे पाते आणि बांधायला स्वच्छ दोरा, एवढ्या सामग्रीने नवजात अर्भकाचा धनुर्वात रोखता येतो हे त्यांनी खेड्यात करून दाखवले. भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये मान्य झाले, त्यामागे लसीबरोबर असल्या हातांचाही वाटा आहे. त्याही आधी, १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली मराठी स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेण्यास पाठवले, तेव्हा परक्या माणसाच्या जखमेला हात लावणे हे कुलीन घरच्या विधवेला शोभते काय, असा प्रश्न विचारणारे कमी नव्हते.

आज या विषयाची निकड कोठून येते? प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू रुग्णालयांतच तयार होतात आणि खाटेवरून खाटेवर हातांच्या द्वारे जातात. मूत्रमार्गातील नळी, शिरेतील सुई आणि श्वासयंत्र या तीन उपकरणांनी जीव वाचतात, आणि तीच जंतूंना आत नेणारी दारे होतात. नवे औषध निघण्यास वर्षे लागतील. साबणपाण्याने हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, स्पिरिटयुक्त द्रावण चोळायला वीस ते तीस. तरीही हे काम होत नाही, आणि त्याची कारणे पुस्तकी नाहीत. नळाला पाणी नसते. कोपराने बंद करायचा नळ मोडलेला असतो. बेसिनशेजारी खिळ्याला एकच ओला नॅपकीन लटकत असतो, आणि नीट धुतलेले हात साऱ्या पाळीची माणसे त्यालाच पुसतात. निर्जंतुक वस्तू उचलण्याच्या चीटल फोर्सेप्सच्या बरणीतले द्रावण कधी बदलले ते कोणी सांगू शकत नाही. हातातल्या काचेच्या बांगड्या काढाव्यात की नाही यावर वाद होतो. आमच्या मते काढाव्यात, कारण बांगड्यांखालचे मनगट धुतले जात नाही.

टोचलेल्या सुईला पुन्हा टोपण लावण्याची सवय हा दुसरा जुनाट दोष. वापरलेली सुई बोटात गेल्यास एचआयव्हीची बाधा होण्याचा संभव हजारी सुमारे तीन, पण कावीळ-ब ची लस न घेतलेल्या व्यक्तीस त्या काविळीचा संभव शेकडा तीसपर्यंत जाऊ शकतो. असे असता पहिल्या वर्षाच्या सर्व मुलींचे लसीचे तिन्ही डोस पूर्ण होण्याआधी त्यांना वॉर्डात पाठवणे हे आम्हांस बेजबाबदारपणाचे वाटते. कचऱ्याबाबत १९९८ च्या नियमांच्या जागी आलेले २०१६ चे नियम स्पष्ट आहेत : रक्ताळलेले कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. परंतु पिशव्या उचलणाऱ्या मावशींना हे नियम कोणी समजावून सांगितलेले नसतात, आणि पिवळ्या पिशवीत दडलेली सुई त्यांच्याच तळव्यात जाते.

प्रस्तुत पुस्तक सूक्ष्मजीवशास्त्राच्या पाठ्यग्रंथाची जागा घेऊ इच्छित नाही. जंतूंची वर्गवारी, प्रयोगशाळेतील परीक्षा आणि प्रतिजैविकांची मात्रा हे विषय त्यात नाहीत. बारावीपर्यंत मराठीतून शिकून नर्सिंगला आलेल्या मुलीपुढे पहिल्याच महिन्यात इंग्रजी ग्रंथ येतात आणि ती अर्थ बाजूला ठेवून पाठांतर सुरू करते. तिला तिच्या भाषेत विषयाचा गाभा समजावा, आणि वॉर्डात ऐकू येणारे ऑटोक्लेव्ह, कॅथेटर, आयसोलेशन हे शब्दही परके वाटू नयेत, एवढीच अपेक्षा आहे. म्हणून संज्ञांचे सोवळे पाळलेले नाही. प्रत्येक रोगाच्या विवेचनात एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला आहे : या अवस्थेत हा माणूस तुमच्यासमोर आला, तर कोणता दुवा तुमच्या हातून तुटू शकतो? काही ठिकाणी उत्तर निराशाजनक आहे आणि ते तसेच ठेवले आहे. पाणी नसलेल्या उपकेंद्रात हात कसे धुवावेत याला पुस्तकाजवळ उत्तर नाही, ते वरिष्ठांकडे लेखी मागणी करूनच मिळवावे लागेल, आणि असा अर्ज कसा लिहावा याचा एक नमुना परिशिष्टात दिला आहे.

अध्यापकांना एक विनंती. अवस्थांचे कोष्टक फळ्यावर लिहिण्यापूर्वी वर्ग बेसिनपाशी न्यावा, प्रत्येकीला हात धुवायला लावावेत, आणि अंगठा, बोटांच्या बेचक्या व नखांची टोके यांपैकी काय राहून गेले ते एकमेकींना पाहू द्यावे. कोष्टक दुसऱ्या दिवशी लिहिले तरी चालेल.

कडा, ता. आष्टी, जि. बीड